बॅरल इंग्लिशच असणार

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या आमच्या रायफल क्लबात एक रिटायर्ड सर्जन दर रविवारी भेटत. मूळचे साताऱ्याचे, पण मराठी फक्त कार पार्कमध्ये; दारातून आत शिरले की इंग्लिश. माझी थ्री-नॉट-थ्री रायफल लष्कराने मोडीत काढलेली, त्यात भारतात बनलेली, म्हणून दुकानात सगळ्यात स्वस्त. "अरे, असला भंगार माल घेतोसच कशाला?" हेही ते कार पार्कमध्येच विचारायचे, हळू आवाजात.

एका रविवारी त्यांची महागडी रायफल अडकली, तेव्हा त्यांनी माझी मागून घेतली. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं कपाच्या तोंडात मावतील इतकी जवळ. बराच वेळ टार्गेट न्याहाळून म्हणाले, "बॅरल इंग्लिशच असणार."

मी बॅरलवरचा भारतीय कारखान्याचा शिक्का पुढे केला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवून दिला.

नंतर चहाला एका गोऱ्या मेंबरशी त्यांनी माझी ओळख करून दिली. इंग्लिशमध्ये म्हणाले, "फार चांगले डॉक्टर आहेत. ट्रेनिंग सगळं इथलंच."

माझी डिग्री मिरजेची, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि मी निर्लज्जपणे हसून मान डोलावली.