कर्जतचं इंग्रजी, ऐकू आलं तसं

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावर जुनी वर्तमानपत्रं साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस काहीतरी शोधायला गेलं की अंगावर कोसळतात. परवा निवृत्तीनंतरची कागदपत्रं शोधताना माझी एक जुनी वही सापडली. पानोपानी विचित्र खुणा. नातीनं विचारलं, "आबा, ही कुठली भाषा?" म्हटलं, "इंग्रजी!" ती हसतच सुटली. मग तिला जे सांगत बसलो, तेच इथे सांगतो.

साल एकाहत्तर. आम्हा इंग्रजीच्या मास्तरांचे उच्चार सुधारायचे असं वर कुठेतरी ठरलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर दर शनिवारी, सकाळची शाळा आटोपून, कर्जत आणि खालापूर तालुक्यातले आम्ही पाच जण कर्जतच्या एका हायस्कूलमध्ये जमू लागलो. शिकवायला कर्णिक सर. हैदराबादला उच्चारशास्त्र शिकून आलेले, उंच, किडकिडीत, आणि त्या देहाला न शोभणारा खर्जातला आवाज. सोबत ट्रंकेएवढा स्पूलचा टेपरेकॉर्डर. तो ते कोणाला उचलू देत नसत.

पहिल्याच दिवशी त्यांनी काम सांगितलं. प्रत्येकानं दोन मिनिटं स्वतःबद्दल इंग्रजीत बोलायचं. मग टेप ऐकायची, आणि जे ऐकू येईल ते ध्वनिलिपीत लिहायचं. म्हणजे स्पेलिंग विसरायचं. प्रत्येक आवाजाला एक ठरलेली खूण, तीच लिहायची.

पहिला नंबर माझा. बोललो. टेप लागली. मी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"तुम्हीच, वझे सर!"

बारा वर्षं मी ह्या आवाजात पोरांना इंग्रजी शिकवत होतो! घरी गेलो, दार लावलं, उच्चारांचा कोश काढला आणि प्रत्येक शब्दापुढची खूण सुबक अक्षरात उतरवून काढली. पुढच्या शनिवारी कर्णिक सरांनी वही वाचली.

"सुंदर! हे गृहस्थ कर्जतला कधी आले?"

"कोण सर?"

"हा तुमच्या वहीतला इंग्रज!"

सगळे हसले. मी पण हसलो, कान मात्र तापले होते. हसणं थांबल्यावर सर हळूच म्हणाले, "मला टेपवरचा वझे हवाय. त्याची लाज वाटते म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करू नका. आधी त्याचं ऐकून तर घ्या."

* * *

शेलूचे भोईर सर शेतकऱ्याच्या घरातले. अंगानं आडवे, हसणं मोकळं, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की आवाज विहिरीत पडल्यासारखा. त्यांनी मात्र पहिल्याच फटक्यात खरं खरं लिहून आणलं. 'होम'चं 'ओम', 'हॅपी'चं 'अ‍ॅपी', 'हॉस्पिटल'चं 'ऑस्पिटल'!

कर्णिक सर वही चाळून म्हणाले, "भोईर, दोन पानांत एकही 'ह' नाही."

भोईर सर उभे राहिले. "सर, आमच्या घरात तो नायच. आमी, तुमी, असंच बोलत मोठा झालो. कालेजात मी 'ओटेल' बोललो नि सगळा वर्ग खिदळला. त्या दिसापासून कालेजात तोंडच उघडलं नाय."

कर्णिक सरांनी वही मिटली.

"लंडनमध्ये गोदीत काम करणारी माणसं असंच बोलतात. 'हाउस'ला 'आउस' म्हणतात. त्यांना कोणी इंग्रजी येत नाही असं म्हणत नाही. पुढच्या आठवड्यापासून आपण 'ह' शिकू. पण हे पान फाडायचं नाही. तुमचं लिहिणं शंभर टक्के बरोबर आहे."

भोईर सर त्या दिवशी तरंगतच घरी गेले. बायको तांदूळ निवडत होती. तिला म्हणाले, "आगं, मी लंडनच्या मानसांसारका बोलतो! सायबांनी सांगितलं!"

बायकोनं सूप खाली ठेवलं नाही की वर पाहिलं नाही.

"मंग मी पन तशीच बोलते की. आत्याबाय पन. आख्खा शेलू लंडनात रातो म्हना!"

* * *

आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ वैद्य बाई. खालापूर तालुक्यात वीस वर्षं शिकवत होत्या. नऊवारीतून सहावारीत आल्या तेव्हा म्हणे गावात चर्चा झाली होती. त्यांची अडचण म्हणजे 'व'. मराठीत एकच 'व', इंग्रजीत दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. कर्णिक सरांनी प्रत्येकाला हातात मावेल एवढा आरसा दिला आणि म्हणाले, "वेळ मिळेल तेव्हा करत चला."

बाईंना वेळ मिळायचा तो परतीच्या एस.टी.त. खिडकीकडे तोंड करून त्यांनी सुरू केलं. ओठ चाव, चंबू कर. ओठ चाव, चंबू कर. समोर एक म्हातारी बसली होती. चौक गाव येईपर्यंत ती नुसती बघत राहिली. मग पुढे वाकली.

"बाय, दाढ ठनकते का गं?"

आता हिला ध्वनिशास्त्र कुठून सांगायचं? बाईंनी मान हलवली.

म्हातारीनं कनवटीची गाठ सोडली, एक लवंग काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. "ही धर दाढंखाली. चावू नको. आनि ओट नको हलवू सारका, वारा लागतो."

बिचाऱ्या बाई गाव येईपर्यंत लवंग धरून गप्प बसल्या! बाई उतरताना म्हातारीनं विचारलं, "कमी हाय का?" बाई म्हणाल्या, "खूपच."

पुढच्या शनिवारी बाईंचा दातांचा 'व' असा काही आला की कर्णिक सर खुर्चीतून उठले. "बाई! काय केलंत?"

"लवंग, सर."

सरांनी खिशातून डायरी काढली आणि अतिशय गंभीरपणे ते लिहून घेतलं!

* * *

वर्ग चांगला चाललाय म्हणून आमच्या नमुन्यांची एक छोटी पुस्तिका छापायची ठरली. मी गेलो कर्जतच्या एका छापखान्यात. तेव्हा शिशाचे खिळे, एकेक अक्षर हातानं जुळवायचं. खिळे जुळवणारे बाबूराव. त्यांना बघायला चष्मा लागायचा, पण अक्षरं बोटांनीच ओळखायचे.

ध्वनिलिपीत एक खूण सारखी येते. इंग्रजीतला छोटा 'ई' उलटा केल्यासारखी. बाबूराव म्हणाले, "हा खिळा आपल्याकडे नाही, सर."

"आहे की! 'ई'चाच घ्या आणि उलटा लावा."

बाबूरावांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"सर, तीस वर्षं झाली या कामाला. एक खिळा उलटा लागला म्हणून मालकाची बोलणी खाल्ली, गिऱ्हाइकाची खाल्ली. आणि आज तुम्ही, इंग्रजीचे मास्तर, सांगता उलटा लाव?"

नाइलाजानं लावले. प्रूफ मी नसताना आमच्या मुख्याध्यापकांच्या हाती पडलं. ते शिस्तीचे. एकूणएक उलट्या 'ई'भोवती लाल गोल, आणि समासात शेरा: 'अक्षम्य हलगर्जीपणा'. बाबूरावांनी निमूटपणे सगळे सरळ केले. मी धावत छापखान्यात गेलो. "बाबूराव, अहो ते परत उलटे करा!"

बाबूराव शांतपणे म्हणाले, "सर, आधी तुमच्यात काय ते ठरवा. तोवर मी लग्नपत्रिका घेतो. त्यात सगळं सरळ असतं."

* * *

डिसेंबर आला आणि पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, आणि अनोळखी माणसाकडे जो तो दोनदा बघू लागला. अशात खालापूरचे मुल्ला सर आपली वही एस.टी.त विसरले.

मुल्ला सर म्हणजे आमच्यातला सगळ्यात मृदू माणूस. घराणं मूळचं किनाऱ्याकडचं, वडलांचं कापडाचं दुकान. मुलांना रागावतानाही ते "कृपा करून गप्प बसा" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला. "वझे, कंडक्टरनं वही पोलीस चौकीत दिलीय म्हणे. पहिल्या पानावर माझं नाव आहे. आणि आत त्या खुणा."

मी चपला घातल्या.

चौकीत हवालदारांनी वही टेबलाच्या मधोमध ठेवली होती, तिच्यापासून जरा लांब बसून.

"ही तुमची? काय लिवलंय यात?"

"इंग्रजी," मुल्ला सर म्हणाले.

"सर, मी सातवी फायनल पास हाय. इंग्रजी वळखतो. ही इंग्रजी नाय."

"वाचून दाखवू?"

हवालदारांनी वही पुढे सरकवली. मुल्ला सर वाचू लागले. "माय फादर सोल्ड क्लॉथ…" प्रत्येक खुणेवर बोट ठेवून, सावकाश. हवालदार खुर्ची ओढून जवळ आले. मग त्यांनीही बोट ठेवलं. "माय… फादर… थांबा, थांबा. परत सांगा." मुल्ला सरांनी परत सांगितलं. वडलांचं दुकान झालं, आईचं शिवणकाम झालं, शाळा झाली. दोन पानं संपली.

हवालदार मागे टेकले. "कळलं की मला! ही तर इंग्रजीच हाय!"

"तेच म्हणतोय मी."

"मंग सरळ इंग्रजीत लिवायला काय झालं होतं?"

वही मिळाली, वर चहाही मिळाला. बाहेर आल्यावर मुल्ला सर पायरीवरच बसले. मी विचारलं, "फार घाबरलात?"

त्यांनी कपाळ पुसलं. "घाबरलो तर खराच. पण वझे, एक सांगू? इतक्या वर्षांत माझं इंग्रजी इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं!"

* * *

आता गायकवाड सर. पळसदरीजवळच्या एका वाडीतले, त्या वाडीत मॅट्रिक झालेले पहिले. आमच्या सगळ्यांत तयार कान त्यांचा. टेप एकदाच लावायची, ह्यांचं लिहून तयार, तेही छापल्यासारखं. आम्ही मग त्यांच्या वहीवरून आपलं तपासायचो. बोलायचे फार कमी.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी ते आईला घेऊन आले. तिचे डोळे दाखवायचे होते आणि डॉक्टर भेटणार होते पाच वाजता. "सर, मागं बसली तर चालेल का?" कर्णिक सरांनी स्वतः उठून मागचा बाक पुसून दिला. आई मांडीवर पिशवी घेऊन बसली, अगदी ताठ.

पाच जणांचा वर्ग, पण कर्णिक सर हजेरी घेतल्याशिवाय सुरुवात करत नसत. भोईर, गायकवाड, मुल्ला, वैद्य, वझे. आम्ही एकेक "प्रेझेंट सर" म्हटलं. सरांनी हजेरीपट मिटायला घेतला.

"आनि माजं?" मागून आवाज आला.

गायकवाड सर वळले. "आये, गप ऱ्हा गं."

कर्णिक सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "नाव काय आपलं?"

"भागूबाई."

वझेच्या खाली सरांनी नाव लिहिलं. मग वर पाहून, आम्हाला हाक मारायचे त्याच आवाजात, "भागूबाई गायकवाड!"

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. उभी राहिली. पदर सारखा केला.

"प्रेजंट सार!"

आवाज असा खणखणीत की व्हरांड्यातून जाणारा शिपाई थबकला. कोणी हसलं नाही.

"आजी, हे कुठे शिकलात?" सरांनी विचारलं.

"याच्या शाळंत. रोज खिडकीखाली गवताचा भारा टेकवायची नि आयकायची. समदी पोरं म्हनायची. मी मनात म्हनायची."

ती खाली बसली. पिशवी परत मांडीवर घेतली. कर्णिक सर आमच्याकडे वळून म्हणाले, "वह्या काढा. आजी आत्ता जे बोलल्या, ते लिहा."

आम्ही लिहिलं. सरांनी वह्या गोळा केल्या आणि एकेक तपासली. माझी, भोईरांची, मुल्लांची, बाईंची. शेवटची गायकवाडांची. ते पान कोरं होतं. "सर, इतकी वर्षं ती मनात म्हणत होती, मला कधी ऐकूच आलं नाही," गायकवाड म्हणाले.

सरांनी लाल पेन्सिल घेतली, कोऱ्या पानावर बरोबरची मोठी खूण केली, आणि वही गायकवाडांच्या हातात दिली.