हनुवटी

आष्टीहून बीडला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर अडीच वर्षांचं पोर, अजून एकही शब्द न बोललेलं. काही सांगायचं झालं की ती आधी हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवायची. मला ते लाड वाटले.

मागच्या सीटवरची आजी म्हणाली, "वेखंड उगाळून चाटव. बोलंल की उशिरा. कशाला त्याला बीडच्या दवाखान्यात नेतीस?"

"जिभंला चाटवीन, आजी. पर कानाला काय चाटवू?"

तेवढ्यात हॉर्न कर्कश वाजला. आम्ही सगळे दचकलो, पोर निवांत होतं. मी तिच्याकडं बघतच राहिलो.

उतरताना तिनं पुन्हा त्याची हनुवटी वळवली. "बीड आलं," ती सावकाश म्हणाली.

आवाज निघाला नाही, पण पोराचे ओठ अगदी तिच्यासारखे मिटले आणि उघडले.