हंगामाआधीचं पत्रक

त्या वर्षी पालघर किनाऱ्यावरच्या आमच्या दांडीत कबड्डीचा हंगाम पावसाळ्यातच सुरू झाला, म्हणजे लोकांच्या तोंडी. खरे सामने दिवाळीनंतर. पण श्रावण लागायच्या आत बोईसरच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीने गेटवर नोटीस लावली, की येत्या हंगामात कंपनी व्यावसायिक गटात स्वतःचा संघ उतरवणार. आमच्या किनाऱ्यावर मग दुसरा विषय उरला नाही. गावोगावची मंडळं ग्रामीण गटात खेळायची आणि ढाल जिंकून नाचत घरी यायची. व्यावसायिक गट कंपन्यांचा. तिथे खेळाडूला नोकरी देऊन खेळवत, आणि चांगला खेळला तर कायम करत. 'कायम' हा शब्द आमच्याकडे लोक जरा आवाज खाली आणून म्हणायचे.

माझा थोरला भाऊ त्या किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला चढाईपटू होता. मी बहीण आहे म्हणून सांगत नाही, त्याच्याकडून बाद झालेल्यांना विचारा. पोरं ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर सराव करायची. काठीने रेषा आखायच्या, भरतीने त्या पुसायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आखायच्या. भाऊ अंगाने सडपातळ. पण त्याचा दम असा होता की समोरचे सातजण कंटाळून चूक करायचे.

कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर मोटारसायकलवरून आमच्या अंगणात आले. आईने बोंबील सुकवायचे बांबू बाजूला सारून त्यांना खुर्ची दिली.

"सकाळी सात ते एक हेल्पर म्हणून काम," साहेब भावाला म्हणाले, "दुपारी मैदान. मुंबईहून प्रशिक्षक आणतोय. हंगाम संपला की खेळणाऱ्यांना कायम करून टाकू. मात्र होडीवर जायचं नाही. तू आठ-आठ दिवस समुद्रात राहिलास तर सराव कोण करणार?"

"लिवून देनार काय?" आईने विचारलं.

साहेब हसले. "मावशी, शब्द आहे आमचा."

त्या वेळी मी आत चहा गाळत होते. असल्या वाक्यावर उसळून उठायचं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. माझा मामा पालघरच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. बिघडलेली, शाई फुटलेली पत्रकं तो गठ्ठ्याने घरी आणायचा आणि आई त्यांत बाजारात सुकी मासळी बांधून द्यायची. मी अक्षरं त्या कागदांवर शिकले. 'धिक्कार' आणि 'एकजूट' मला माझं नाव लिहिण्याआधी वाचता येत होतं. आता मी पालघरला कॉलेजात होते आणि येताना बोईसर स्टेशनजवळच्या कामगार संघटनेच्या खोलीत बसून पत्रकांचे मजकूर लिहायचे. मालकाच्या शब्दाची किंमत काय असते, यावर मी तोवर चार पत्रकं लिहिली होती. तरीही मी चहा घेऊन बाहेर आले आणि साहेबांना म्हणाले, "साखर बेताचीच घातलीय." मला भाऊ कंपनीच्या पिवळ्या बनियनमध्ये दिसत होता.

नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात लोटतात. आमच्याकडे रीत अशी, की लोटताना जो होडीला हात लावतो तो त्या वर्षीचा खलाशी. कागद नाही, सही नाही. हात लावला की वर्षभराची जागा त्याची, मग तो आजारी पडो की भांडो. आणि हात लावला नाही तर पुढच्या पौर्णिमेपर्यंत तांडेलाचा सख्खा मुलगा असला तरी त्याला जागा नाही. आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, माझा काका. नारळ सोडून झाला, सगळे खांदे लावून उभे राहिले, आणि भाऊ दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून.

"हात लाव ना रं," काका म्हणाला.

"नाय काका. मना कंपनीत जायचाय."

"कंपनीत काय रंगाचे बोंबील भेटतान?" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. काका हसला नाही. त्याने किनाऱ्यावर एकदा नजर फिरवली आणि शेजारच्या आळीतल्या एका तरण्या माणसाला हाक मारली. त्याने धावत येऊन भावाच्या जागेवर हात टेकवला. होडी पाण्यात गेली. भाऊ घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून बघत होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

पुढचा दीड महिना आमच्या घरात सुखाचा गेला. कंपनीने आमच्या किनाऱ्यावरचे सहाजण नवे घेतले होते, बाकीचे खेळाडू तिथले कायम कामगारच होते. त्यांना रोज दूध आणि दोन अंडी मिळत. प्रशिक्षक त्यांना डबक्यात दम धरायला लावतो, अशी बातमी एसटी स्टँडच्या चहावाल्याकडे रोज नवी होऊन यायची. चहावाल्याने समोरच्या संघाचे सात ग्लास मांडून त्यांचा कुठला कोपरा कोण सांभाळणार ते ठरवून टाकलं होतं. आठवा ग्लास भावाचा. तो चढाईला जाऊन तीन ग्लास बाद करून परत यायचा.

"पालघरचा चषक यंदा दांडीला," चहावाला म्हणायचा.

"दांडीला कसा? कंपनीला," कोणीतरी म्हणायचं.

"कंपनी त्याला ठेवील कपाटात. पन त्याच्यातून चहा पेनार आमी."

स्पर्धेच्या आयोजकांकडे खेळाडूंची नावं गेली. फॉर्मवर भावाने सही केली, त्याखाली छापलेलं होतं की व्यावसायिक गटात नाव दिलेल्या खेळाडूला त्या हंगामात दुसऱ्या कुठल्याही गटात खेळता येणार नाही. तो फॉर्म मीच त्याला वाचून दाखवला होता.

मग एका दुपारी संघटनेच्या खोलीत मनोरकडचा एक माणूस आला. पस्तिशीचा असेल. त्याचे तळहात पिवळे होते, नखांच्या आतपर्यंत, धुऊन न जाणारे. पाच वर्षं त्याच कंपनीत रंगाच्या खात्यात होता. दोनशे चाळीस दिवस भरत आले की कंपनी असल्या माणसांना थोडे दिवस घरी बसवायची, म्हणजे कायम करायला नको. त्याला 'ब्रेक' म्हणत. या वेळी ब्रेक संपला तरी गेटवर त्याला आत घेतलं नव्हतं. असे एकूण सहाजण होते.

"सायेब बोलला, जागा भरली," तो म्हणाला. "मी बोललो, कोनी भरली? तर खेळाडू हायत म्हने. ताई, आमी काय खेळत होतो काय पाच वरसं?"

संघटनेचे सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या लिहायला."

सहा आणि सहा. माझा भाऊ त्यातला एक आहे हे सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मजकूर दुसऱ्याला दिला असता आणि तो मिळमिळीत झाला असता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज वाटतं, मला ते वाक्य सुचलं होतं आणि सोडवत नव्हतं. 'खेळाडूंना जागा, कामगारांना ब्रेक! पिवळ्या हातांच्या घामावर पिवळ्या बनियनचा तमाशा!'

बाकीचं मी घरी ओट्यावर बसून लिहिलं. भाऊ सरावावरून आला, पायांना लाल माती. तो हौदावर पाय धुता धुता म्हणाला, "काय लिवतंस?"

"कॉलेजचा."

"लई लिवतंस. डोले जातील." मग त्याने विचारलं, "पहिल्या सामन्याला येशील ना? पालघरला हाय. तुझ्या कॉलेजच्या मागच्या मैदानात."

"येईन," मी म्हणाले.

गेटवर भाषण करताना माझा आवाज कधी कापला नव्हता. पण माझ्याच ओट्यावर, माझ्याच भावाला चार शब्द खरे सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. त्याला सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित तो कामावरून काढलेल्या त्या सहाजणांकडे जाऊन बोलला असता. कदाचित खेळाडूच साहेबांकडे गेले असते, की आमच्यासाठी नव्या जागा काढा, या माणसांच्या नकोत. त्याच्या स्वभावात ते होतं. मी त्याला ती संधीच दिली नाही. मी त्याला मजकुरात घातलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी सातच्या आधी आम्ही गेटवर पत्रकं वाटली. भाऊ सायकलवरून आला. मला बघून त्याला आधी आनंदच झाला. मी हात मागे घेतला, पण त्याने माझ्या हातातला एक कागद ओढून घेतला. तो वाचायला वेळ लावतो, ओठ हलवत वाचतो. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी आत जात होते. एक हिंदी बोलणारा कामगार मागून म्हणाला, "अरे भाई, साइकिल तो हटा." तो हटला नाही. शेवटपर्यंत वाचलं. मग त्याने कागदाची नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

"चांगला लिवलाय," तो म्हणाला. "तमाशा आमीच काय?"

आणि आत गेला, कारण सात वाजले होते.

चार दिवसांनी कंपनीने दुसरी नोटीस लावली. 'कामगार संघटनेच्या हरकतीचा आदर करून व्यावसायिक संघ उतरवण्याचा निर्णय रद्द करण्यात येत आहे.' सहा खेळाडूंना घरी पाठवलं. मनोरकडच्या माणसाला आणि त्याच्या पाच सोबत्यांना मात्र परत घेतलं नाही. त्या सहा जागांवर ठेकेदाराची माणसं आली, ज्यांचे दिवस कोणीच मोजत नव्हतं. प्रशिक्षक मुंबईला परत गेला. साहेब गेटवर सेक्रेटरींशी हात मिळवून म्हणाले, "तुमच्या पत्रकाने आमचे डोळे उघडले." खर्च वाचवायला त्यांना एक निमित्त हवं होतं. ते मी त्यांना शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय लिहून दिलं होतं.

सेक्रेटरींनी मला 'आपला विजय' या मथळ्याचं पत्रक लिहायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी स्वतः लिहिलं, त्यात माझीच जुनी वाक्यं घातली. पिवळ्या हातांचा माणूस ते वाचून घ्यायला माझ्याकडे आला. मी वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "म्हंजे आमाला घेतला?" मी म्हटलं, नाही. "मंग कोन जिकला?" त्याने हे चिडून विचारलं नाही. त्याला खरंच माहिती हवी होती.

भाऊ काकाकडे गेला. होडी नुकतीच किनाऱ्याला लागली होती. काका जाळी उचलत होता. "तुजा हात नाय लागला रं यंदा," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्यालाच अवघड होत होतं. "तो दुसरा आता काय करील? त्याने हात लावलाय." भाऊ मान हलवून परत आला. गावच्या मंडळात गेला, तर तिथल्या वडीलधाऱ्याने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तू आमच्याकडून उतरलास तर आमचा सामना बाद करतान. नाव तिकडे गेलाय तुझा." संघ रद्द झाला होता, पण फॉर्मवरची सही रद्द झाली नव्हती.

आई मला एवढंच म्हणाली, "लिवायच्या आदी मना दाखवायचास." आईला वाचता येत नाही.

दिवाळीनंतर पालघरला पहिला सामना झाला. आमच्या कंपनीच्या जागी दुसराच संघ घेतला होता. मी येईन म्हणाले होते म्हणून गेले. मला वाटलं भाऊ येणार नाही. तो दोरीच्या बाहेर, लोकांच्या दुसऱ्या रांगेत उभा होता. ऊन अजून होतं. माती नवी, पाणी मारून दाबलेली, रेषा पांढऱ्याशुभ्र फक्कीच्या. असं मैदान आमच्या वाळूवर कधी आखलं गेलं नाही.

मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याने बघितलं आणि पुन्हा मैदानाकडे नजर वळवली. मला बरंच काही बोलायचं होतं. सहा माणसांना काढून सहा माणसं घेणं चूकच होतं, आजही चूकच आहे, त्या पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ज्याच्याबद्दल ते लिहिलं, त्याला मी 'कॉलेजचा' म्हणून सांगितलं होतं. मग खरेपणावर मी कुठल्या तोंडाने बोलणार?

समोर नव्या संघाचा चढाईपटू मधली रेषा ओलांडून गेला. उंच होता, चांगला होता. माझ्या शेजारून मला एक हलका आवाज ऐकू यायला लागला. भाऊ पुटपुटत होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, एका दमात. हात पाठीशी बांधलेले, डोळे डाव्या कोपऱ्यावर. मैदानातल्या खेळाडूला पकडलं, तो रेषेवर हात टेकवायला धडपडला आणि त्याचा दम तुटला. पंचाने शिटी मारली. लोक ओरडले.

भावाचा दम तुटला नव्हता. तो पुटपुटतच राहिला. मी थांब म्हणाले नाही. त्याचा चेहरा लाल होईपर्यंत, मानेच्या शिरा वर येईपर्यंत मी त्याच्या शेजारी उभी राहून ऐकत होते.