बुढीची जागा

लोकांचं बोलणं सरकारी मराठीत बसवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नगरपंचायतीत मी आवक-जावक आणि सभेचं इतिवृत्त सांभाळते. कुणी येऊन म्हणतं, ‘मॅडम, नालीत डुक्कर मरून पडलं, दोन दिवसांपासून जेवण जाऊन नाई राह्यलं.’ मी लिहिते, ‘प्रभागातील सांडपाण्याच्या निचऱ्याबाबत.’ डुक्कर गेलं, वास गेला, माणसाचं अडलेलं जेवणही गेलं. साहेब बदलत, अध्यक्ष बदलत, पण मॅडमचा मसुदा कुणी खोडत नसे. मला याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मी मूळची वरोऱ्याकडची, कापूस-सोयाबीनच्या मुलखातली. लग्न होऊन वैनगंगेच्या काठावरच्या या गावात आले तेव्हा नदीचं मला फार कौतुक वाटलं, पण तिची ओळख कधी करून घेतली नाही. रोज पुलावरून बघायची आणि ऑफिसला जायचं. आमच्या माहेरी भिंतीवर बुद्धाची तसबीर. शेंदूर फासलेल्या दगडापुढे हात जोडायचे नाहीत ही घरची शिकवण, आणि जो जोडतो त्याला हसायचं नाही हीसुद्धा. ही दुसरी गोष्ट वडिलांनी मला जास्त बजावली होती. पुढे मी जी चूक केली ती या शिकवणीच्या आडून केली, म्हणून आधी सांगून टाकते.

नदीकाठ सुंदर करायचा असं ठरलं. टाइल्सच्या पायऱ्या, बाकडी, दिवे, फोटो काढायला एक चौकट. काम होतं ढिवर मोहल्ल्याच्या तोंडाशी. या मोहल्ल्याच्या पुढे नदी आणि मागे नाला. नाल्यावर एक रपटा, पुरात पाणी वरून जाणारा ठेंगणा पूल, आणि मोहल्ल्यातून गावात यायला तेवढा एकच रस्ता. हरकती मागवणारी नोटीस मीच तयार केली आणि ऑफिसच्या फळ्यावर लावली. मासे धरणारी माणसं पहाटे पाण्यात आणि दुपारी बाजारात. फळा वाचायला कोण येतं?

तरी एक बाई आल्या. साठीच्या, अंगाने वाळक्या, काखेत अर्धवट विणलेलं जाळं. मोहल्ल्यात फाटलेली जाळी त्याच दुरुस्त करायच्या. लिहिता येत नाही, तुम्ही लिहा, म्हणाल्या. मी कागद ओढला.

त्यांच्या काठावर एक काळा दगड होता. कमरेएवढा, डोक्याशी शेंदूर, आखाडीला त्याच्यापुढे नारळ फुटायचा. त्याला सगळे बुढी म्हणत. नव्या पायऱ्या नेमक्या बुढीवरून जाणार होत्या.

“बुढी जिथी आहे तिथीच राहू द्या,” बाई म्हणाल्या. “ते पान्याले ओळखते. तिचे पाय भिजले का आमी शेळ्या सोडतो, पोराइले घेतो अन् शाळेत जाऊन बसतो. माह्या सासूच्या सासूपासून असंच आहे. वर नेली तं तिले पानी कसं दिसन?”

त्या दिवशी माझ्या टेबलावर घरपट्टीच्या तक्रारींचा गठ्ठा होता. मी ऐकत होते, पण मसुदा डोक्यात आधीच जुळला होता. ‘सदर देवस्थानाशी मोहल्ल्यातील नागरिकांच्या भावना निगडित असून, त्याचा योग्य तो मान राखला जावा, ही विनंती.’ श्रद्धेचा मामला आहे, आपण हसायचं नाही, आदराने लिहायचं. वडिलांचा शब्द पाळल्याचं समाधानही वाटलं.

“सारं लिवलं का, मॅडम?” अंगठ्याला शाई लावताना बाईंनी विचारलं.

“लिहिलं, बाई, सगळं लिहिलं,” मी म्हणाले.

सभेत मी तो अर्ज वाचून दाखवला. कुणाचाच विरोध नव्हता. उलट सगळ्यांना बरं वाटलं, कारण अशा कामात देवावरून भांडण होईल ही धास्ती होती. ठराव झाला : दगड सन्मानाने वर, घाटाच्या कमानीजवळ न्यावा, त्याला चबुतरा आणि वर पत्र्याची घुमटी बांधावी. सुंठीवाचून खोकला गेला, असं साहेब मला म्हणाले.

दगड हलवला त्या दिवशी मी तिथे होते. साहेबांनी बूट काढले, स्वतः खांदा दिला. अध्यक्षांनी नारळ फोडला. मोहल्ला सगळा जमला होता, पण कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी संमती असा लावला. आज वाटतं, भांडायला आलेल्याशी माणूस भांडू शकतो. अनवाणी होऊन मान द्यायला आलेल्याचा हात कसा झटकायचा? बाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, पदरात बांधला आणि काठावरच्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत उभ्या राहिल्या. नंतर त्यात मुरूम पडला, वर सिमेंट पडलं आणि टाइल्स बसल्या.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या धरणाची दारं उघडत असल्याचे निरोप मोबाइलवर येत होते. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ आठवडाभर रोज तोच निरोप, माझ्याच हातचा. रोज मरे त्याला कोण रडे. एका सकाळी बाई घाटावर आल्या. पाणी चढलेलं होतं, पण समोर अजून बऱ्याच पायऱ्या कोरड्या दिसत होत्या. पूर्वी तिथे उतार होता, उंबराची मुळं होती, बुढी होती. आता एकसारख्या राखाडी पायऱ्या, आणि बुढी मागे कमानीजवळ, घुमटीखाली कोरडी ठणठणीत. बाईंनी अंदाज बांधला, अजून वेळ आहे. त्या घरी जाऊन चुलीला लागल्या.

पाणी समोरून आलंच नाही. नदी फुगली की नाल्याचं पाणी आधी थांबतं, मग उलटं फिरतं आणि मागून रपटा बुडवतं. नदीचा काठ कोरडा असतानाच मोहल्ल्याचा रस्ता बंद होतो. नाला पडतो बांबूच्या बेटांमागे, घरांतून दिसत नाही. नाला फिरायच्या वेळी नदी जेवढी चढलेली असते, नेमक्या तेवढ्या उंचीवर बुढी उभी होती. कुणी, कधी तिला तिथे ठेवलं माहीत नाही. पण देव म्हणून ठेवताना त्या माणसाने पाणी नीट पाहिलं होतं.

मी पुलावर उभी राहून सगळं बघितलं. लोक छपरांवर चढले होते. बाईंची सून नुकतीच बाळंत झालेली. ती न्हाऊ घातलेल्या पोरीला टोपल्यात घेऊन कौलांवर बसली होती आणि बाई दोघींवर मेणकापड धरून उभ्या. मोहल्ल्यातल्याच लोकांनी डोंगे काढून दुपारपर्यंत सगळ्यांना गावातल्या शाळेत आणलं. माणूस एकही गेला नाही. दाव्याला बांधलेल्या शेळ्या गेल्या, बाईंची जाळी गेली. मी पुलाचा कठडा धरून रडले, आणि शेजारच्या माणसाला वाटलं माझं कुणी तिथे आहे.

संध्याकाळी शाळेत नावं लिहून घ्यायला मलाच पाठवलं. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमाले सांगतलं होतं ना, मॅडम,” त्या हळूच म्हणाल्या. “वर नेली तं तिले पानी कसं दिसन.”

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढली. माझंच वळणदार अक्षर. त्या अख्ख्या पानात पाणी हा शब्द नव्हता. शेळ्या नव्हत्या, पोरं नव्हती, शाळा नव्हती. खाली निळा अंगठा होता, आणि त्या अंगठ्याला मी सांगितलं होतं की सगळं लिहिलं. मला लाज वाटली. इतकी, की तो कागद फाडावा असंही एकदा मनात आलं. नाही फाडला. तो घेऊन साहेबांकडे गेले आणि काय घडलं ते सांगितलं.

साहेबांचा बिचाऱ्यांचा दोष नव्हता. मी वाचलं तेच त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, “बुढी परत जागेवर ठेवू.” पुढच्या सभेत तसा ठराव झाला, आणि या वेळी मी बाईंचं बोलणं जसंच्या तसं इतिवृत्तात उतरवलं. ‘वर नेली तं तिले पानी कसं दिसन.’ एका सदस्यांनी विचारलं, “मॅडम, ही भाषा चालते का?” मी म्हटलं, “चालवा.”

पण जागा कुठली? इंजिनिअर म्हणाले, जुनी उंची सांगा, मी यंत्राने काढून देतो. जुनी उंची कुणी नोंदलीच नव्हती. मोहल्ल्यातल्या लग्नांच्या फोटोंत बुढी होती, पण तिच्या आजूबाजूचं सगळं पुरलं गेलं होतं; मोजायचं कशापासून? बाईंना घाटावर नेलं. त्या पायऱ्या चढल्या, उतरल्या, एका पायरीवर बसल्या, उठल्या.

“नाई सांगता येत,” त्या म्हणाल्या. “नदीलेच पुसा लागन. नाला फिरन तवा कळन.”

म्हणून आम्ही वर्षभर थांबलो. ऑफिसात माझी थट्टा झाली; मॅडम नदीकडून अहवाल मागवून राह्यल्या, म्हणाले. मी खुणेसाठी पत्र्याचा डबाभर लाल ऑइलपेंट आणि ब्रश आणून टेबलाखाली ठेवला. बाईंच्या सुनेने त्यांना मोबाइलवर माझा नंबर कुठे दाबायचा ते शिकवलं. पाऊस लागल्यापासून त्या रोज नाल्यावर जाऊन येत.

श्रावणात एका सकाळी मी केर काढत होते, तर फोन आला.

“या मॅडम. आज फिरते वाटते.”

मी डबा घेऊन घाटावर पोचले. त्या तिकडे नाल्याच्या काठावर, मी इकडे पायऱ्यांवर, मध्ये अख्खा मोहल्ला आणि कानाला फोन. पाणी पायरी पायरी वर येत होतं. मी प्रत्येक पायरी मागे सरकत होते आणि त्या सांगत होत्या, “पळसाचं पान टाकलं. जाऊन राह्यलं अजून, नदीकडे जाऊन राह्यलं.” थोड्या वेळाने दुसरं पान. तेही गेलं. मग तिसरं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“थांबलं,” त्या म्हणाल्या. “जागच्या जागी थांबलं, मॅडम.”

मी गुडघ्यावर बसले.

“फिरलं. पान माह्याकडे येऊन राह्यलं. मार आता.”

पाण्याच्या अगदी वर मी रेघ ओढली. ब्रश निसटला, मग बोटांनीच रंग फासला. मान वर करून पाहिलं तर माझ्या वर पायऱ्याच पायऱ्या कोरड्या होत्या. फोटोची चौकट, बाकडी, कमान, सगळं निवांत. गेल्या वर्षी बाई इथेच उभ्या होत्या, आणि कुणालाही वाटलं असतं तेच त्यांना वाटलं होतं, की वेळ आहे.

“मारली,” मी फोनवर म्हणाले.

“मंग आता बसली काऊन? लोकाइले उठव. मी येतो रपट्याकडून.”

मॅडम आणि अहोजाहो कधी गळून पडलं ते माझ्याही ध्यानात आलं नाही. मी धावले. तोवर त्या गल्लीत मी कधी पंचनाम्याशिवाय गेले नव्हते. दारं ठोकत गेले, एक एक. “उठा, नाला फिरला. बुढीचे पाय भिजले.” हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि त्याबरोबर घराघरांत दावी सुटायला लागली. कुणी प्रश्न विचारला नाही. म्हातारी माणसं आधी, मग पोरं, मग शेळ्या. शेवटचा माणूस रपटा ओलांडून आला तेव्हा पाणी घोट्याला होतं. आम्ही शाळेत पोचून सामान टेकवेपर्यंत रपटा दिसेनासा झाला होता.

बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्यांची नात आता भिंत धरून उभी राहायला शिकली होती. ती आजीच्या खांद्याला धरून झुलत होती. मी समोर जाऊन बसले.

“लिवलं का?” बाईंनी विचारलं.

मी दोन्ही हात पुढे केले. तळव्यांना, नखांना, मनगटापर्यंत लाल रंग लागला होता. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझे हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, नीट पाहिले. मग नातीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथेच फरशीवर आडव्या झाल्या.