ओटी भरायला तिजुआनाला

मला खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही. "उद्या नक्की देते" म्हणून गिऱ्हाइकाला मी चार दिवस फिरवलेलं आहे. पण स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेय हे लपवायचं, आणि वर "फिरायला चाललेय" म्हणून हसून दाखवायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. त्या एका हट्टापायी मी बहरीनहून मेक्सिकोच्या टोकाला जाऊन आले.

आम्ही बहरीनमध्ये आहोत त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा साताऱ्याकडचा, एसी दुरुस्तीच्या कामात. त्याचा दिवस बुदैयाच्या व्हिलांच्या गच्चीवर जातो. मी जुफैरमध्ये एका दुकानात कपडे अल्टर करायला बसते. जवळच परदेशी नौदलाचा तळ आहे, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकन. त्यांच्या पँटी आखूड करायच्या, शर्ट कमरेत घ्यायचे, बिल्ले शिवायचे. हाताला काम असतं आणि कानाला इंग्रजी.

मुलगी इथेच वाढली, इथेच इंग्रजी शाळेत शिकली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत सॅन डिएगोला गेली आणि वर्षा-दोन वर्षांत दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कोणी कोणाला सांगावं लागत नाही. पण तिच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. तिथे राहायला परवानगी होती, मात्र बहरीनला किंवा भारतात आली तर परत जायला नवा शिक्का लागणार, आणि त्याची तारीख कधी मिळेल याचा पत्ता नाही. म्हणजे ती येऊ शकत नव्हती. मग मी जायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं?

मी अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज केला. खिडकीपलीकडचा अधिकारी माझ्या मुलीच्या वयाचा होता. त्याने विचारलं, कशाला जायचंय. मी सांगितलं, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. त्याने विचारलं, तिथे जाऊन काय करणार. मी सांगितलं, तिला न्हाऊ घालणार, बाळाला तेल लावणार, डिंकाचे लाडू करणार आणि बाळाने जरा बाळसं धरलं की परत येणार. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टाइप केलं आणि पासपोर्ट परत माझ्या हातात दिला. नाही म्हणाला तोही शांतपणे.

घरी येऊन हे सांगितलं तर सगळे माझ्यावरच उखडले. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, यू शुड हॅव जस्ट सेड टुरिझम." जावई म्हणाला, पुन्हा अर्ज करा आणि यावेळी बाळाचं नाव काढू नका, हॉलिवूड बघायचंय म्हणा. नवऱ्याने तर माझी तालीमच सुरू केली. संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवून तो अधिकारी व्हायचा आणि विचारायचा, "मॅडम, पर्पज?"

"बाळंतपण," मी म्हणायची.

"अगं, फिरायला चाललीया म्हण की. कशाला डोक्याला ताप करून घेतीस?"

दोन-तीनदा असं झालं आणि मी कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. मला खरोखर संताप आला होता. मी काय तिथे कोणाची नोकरी चोरायला निघाले होते? माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं केलं. त्या कामाला लपवाछपवी लागते असं त्या दोघींपैकी एकीलाही कधी वाटलं नसेल. मी नवऱ्याला सांगून टाकलं की त्या खिडकीवर मी पुन्हा जाणार नाही. तो म्हणाला, मग बस फोनवर बघत. त्या आठवड्यात मी खरंच फोनवर बघत बसले, आणि मुलीचे सुजलेले पाय बघून मला काही सुचेनासं झालं.

वाट दाखवली ती एका गिऱ्हाईक बाईनेच. नौदलातली, उंच, नेहमी घाईत असलेली. मी खाली बसून तिच्या पँटीला टाचण्या लावत होते. माझं तोंड उतरलेलं बघून तिने काय झालं ते विचारलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. सॅन डिएगो म्हटल्यावर ती हसली, कारण ती तिथलीच होती. म्हणाली, तिथून मेक्सिकोचं तिजुआना इतकं जवळ आहे की लोक दुपारचं जेवायला चालत पलीकडे जातात. तुला अमेरिका नको म्हणते तर तू मेक्सिकोला जा आणि मुलीला तिकडे बोलाव. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी लगेच काही बोलले नाही. पण त्या पँटीची एक बाजू मी दुसरीपेक्षा आखूड केली आणि मला ती पुन्हा उसवावी लागली.

जावयाने तिथे वकिलाला विचारलं. शेजारच्या मेक्सिकोत थोडेच दिवस जाऊन आलं तर संपलेल्या व्हिसावरही परत आत घेतात, असा नियम निघाला. मात्र शेवटचा शब्द गेटवरच्या अधिकाऱ्याचा. जावई घाबरला. पोटुशी बायको पलीकडे अडकली तर काय, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आय वॉन्ट टू कम." बाळंतपण राहू दे, पण सातव्या महिन्यातली ओटी तरी आईच्या हातची, एवढं आमचं ठरलं.

आता प्रश्न होता कसं जायचं. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, आमचा ठरलेला केरळी एजंट आहे, दरवर्षी गावची तिकिटं तोच काढतो. मी तिजुआना म्हटल्यावर त्याने कॉम्प्युटरवरून मान वर केली.

"आंटी, उधर से लोग दीवार कूदते हैं," तो म्हणाला.

मी त्याला माझे गुडघे दाखवले. म्हटलं, या गुडघ्यांवर मी तुझ्या दुकानाची पायरी कशी चढते ते तूच बघतोस.

तो हसला, पण काळजीतच होता. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं म्हटलं तरी त्यांचा व्हिसा लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. युरोपमधून प्रवास लहान होता, पण तिथल्या काही विमानतळांवरून पुढे जायलाही वेगळी परवानगी काढावी लागते. उरलं इस्तंबूल. तिथून मेक्सिको सिटी, आणि तिथून देशातल्या देशात तिजुआना. सगळ्यात लांबचा रस्ता, पण कोणाच्या मेहेरबानीचा नाही. मी तो घेतला. मग त्याने हळू आवाजात आणखी एक सल्ला दिला. तिकीट कॅनकुनचं काढा, तिकडे समुद्रकिनारा आहे, सगळे फिरायला जातात, कोणी काही विचारत नाही. तिथून गुपचूप तिजुआना गाठा. विमानात बसवतानाच अडवलं तर सगळं बोंबलेल. नवरा शेजारी बसला होता, त्याने लगेच मान डोलावली. त्याला कॅनकुन एकदम पसंत पडलं.

मी म्हटलं, तिकीट तिजुआनाचंच काढायचं. जायचं आणि यायचं, दोन्ही. मी कोणाच्या घरात मागच्या दाराने शिरत नाहीये. एजंटने "इंशाल्ला" म्हटलं आणि टाइप करायला लागला.

मेक्सिकोचा व्हिसा बहरीनमध्ये होत नाही, त्यासाठी पूल ओलांडून सौदीत रियाधला जावं लागलं. तिथेही विचारलं, कशाला. तिथेही मी तेच सांगितलं. समोरच्या बाईला ओटी समजावून सांगताना मी माझ्याच पदरात काल्पनिक नारळ घेऊन दाखवला. तिने व्हिसा दिला. मला वाटलं, झालं, आता कोणी विचारणार नाही.

विचारलं ते आमच्याच बहरीनच्या विमानतळावर. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, तिजुआना बघितलं आणि साहेबाला बोलावलं. साहेब आपल्याकडचाच होता. आपला माणूस जास्त खोदून विचारतो, हा माझा अनुभव आहे. तिथे ओळखीचं कोण आहे? कोणी नाही, मुलगी अमेरिकेतून येणार आहे. तुम्हाला अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारलाय का? हो, नाकारलाय. हे ऐकल्यावर त्याने माझा पासपोर्ट मिटून हातात धरला आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. मागची रांग पुढे सरकली. लोक माझ्याकडे बघत पुढे जात होते. लाजेने नाही, रागाने माझे कान तापले. मी तिथेच बॅग आडवी केली आणि उघडली. हिरवी साडी, हिरवा चुडा, खण, हळदकुंकवाच्या डब्या, आणि दुकानातल्या उरलेल्या मऊ कापडाची मी शिवलेली झबली, सगळं त्याच्यासमोर मांडलं. म्हटलं, बघा, हे घालून मी भिंतीवरून उडी मारणार आहे.

साहेबाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, मॅडम, फिरायला चाललाय असं काही असेल तर तसं सांगा, मी तसं लिहून टाकतो. हा पठ्ठ्याही मला वाट काढून देत होता, आणि तीच वाट. मी नवऱ्याकडे बघितलं. मला सोडायला आलेला तो दोरीपलीकडे उभा होता. मला वाटलं, आता हा हात जोडून हो म्हणेल. इतक्या वर्षांत कुठल्याही काउंटरवर आवाज चढवलेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. अरबाबाने, म्हणजे मालकाने, सुट्टीच्या शुक्रवारी कामावर बोलावलं तरी मान हलवणारा माणूस. तो दोरी उचलून आत आला.

"साब," तो म्हणाला, "हमारे लडकी का पहिला बच्चा है. मा जाती है, हमारे में ऐसाच होता है. इसमें छुपाने का क्या है?"

 साहेबाने कुठेतरी फोन लावला, परतीचं तिकीट पुन्हा तपासलं आणि बऱ्याच वेळाने बोर्डिंग पास पुढे केला. नवऱ्याने साडी पुन्हा बॅगेत घातली, चोळामोळा करून.  माझे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी झबल्यांच्या घड्या घालत बसले.

तिजुआनातल्या लॉजवर पोचले तेव्हा माझं अंग आंबून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावई, तिकडूनच मेक्सिकोचा व्हिसा काढून, गाडीने आले. तिला जिन्यातच बघितलं, पोट पुढे आणि चेहरा लहान झालेला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते सगळं विसरले. नारळ तिथल्या बाजारात ढिगाने मिळाला. खोली झाडणारी बाई लेकुरवाळी होती, तिला सवाष्ण म्हणून बसवलं. तिने कुंकू लावून घेतलं आणि मुलीच्या पोटावर हात ठेवून तिच्या भाषेत काहीतरी बराच वेळ बोलली. मुलीला डोहाळे आंबटाचे. खाली रस्त्यावर कैरीला मीठ, तिखट आणि लिंबू लावून विकत होते. तिने ते खाताना डोळे मिटून घेतले. चार दिवस मी तिच्या केसांना तेल लावलं, पाय चेपले, आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

परत जायच्या दिवशी जावई गाडी घेऊन पुढच्या रांगेत गेला. मुलगी म्हणाली, मी चालतच जाते, तू गेटपर्यंत सोडायला ये. मला पुढे जाता येत नव्हतं तिथे मी थांबले. ती वळली आणि मग दिसेनाशी झाली. मी फोन हातात धरून त्या उन्हात उभी राहिले. वाटलं, हट्ट माझा आणि भोगणार ती. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, आले पलीकडे," ती म्हणाली. मराठीत.

मी विचारलं, काही विचारलं का त्यांनी.

"विचारलं ना. मेक्सिकोत कशाला गेला होता म्हणून."

 तिने काय सांगितलं असेल ते मला ठाऊक होतं, आणि मी तिच्यावर रागावणारही नव्हते.

"मी सांगितलं, माहेरी गेले होते."