नर्सबाईंची चौकट

जालन्यात मी ब्लॉगच्या वेबसाइट करून देतो. फुकटात मिळणारं ब्लॉगचं खातं उघडायचं, त्यावर कुणीतरी आधीच केलेली थीम, म्हणजे पानाचा तयार साचा, चढवायची आणि मग ती इतकी कापायची-शिवायची की बघणाऱ्याला तो ब्लॉग वाटू नये. मोसंबीच्या रोपांची नर्सरी, बियाण्यांची दुकानं, शिकवणीवाले, मंगल कार्यालयवाले, सगळ्यांचं मागणं एकच असतं. नाव मोठं करा, माझा फोटो अजून मोठा करा. आधी डोकं फिरायचं, आता सवय झाली.

आणखी एक सवय लागली. गिऱ्हाईकाचा मजकूर मी वाचत नाही. तो जागेवर बसला का, एवढंच बघतो. ओळ कुठं तुटते, जोडाक्षर फुटतं का, मोबाईलवर चौकटीबाहेर सांडतं का. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यानं बघावं. या सवयीचा मला थोडा अभिमानही होता, हे आधीच सांगून टाकतो.

टेंभुर्णीला माझे सर राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला त्यांनी मला शिकवलं. त्यांची बायको आमच्या गावाच्या उपकेंद्रात नर्स होती. आजूबाजूच्या चार-पाच खेड्यांत त्यांना सगळे नर्सबाई म्हणायचे. आमची निम्मी पिढी त्यांच्या हातांवर जन्मली. मीसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी दोघं माझ्या ऑफिसात आले. बाईंना खुर्ची दिली. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या. सरांनी आवाज खाली घेतला आणि सांगितलं की बाईंचं विसरणं वाढत चाललंय.

"डॉक्टर म्हणले, आधी आजचं जाईल, मंग कालचं. जुनं सगळ्यात शेवटी. तवर हिच्याजवळचं उतरून घ्यायचं आहे मला."

"काय उतरून घ्यायचं, सर?"

"बाळंतपणं. रजिस्टरात नुसती तारीख अन् वजन राह्यतं. कोण कसं झालं, दारात कोण उभं होतं, पहिल्यांदा कोण काय बोललं, ते सगळं हिच्या डोक्यात हाय. त्या पोरांना कोण सांगणार ते?"

मी काही बोलायच्या आत बाईच बोलायला लागल्या. बाजाराचा दिवस होता, म्हणाल्या. उपकेंद्रातला वजनकाटा मोडलेला आणि पोरगी तर झाली. मग बाजारातून एका माळव्यावाल्याचा तराजू आणला, एका पारड्यात पोरगी आणि दुसऱ्यात कांदे. अडीच किलो कांद्याला पोरगी भारी भरली. माळव्यावाला म्हणाला, हे कांदे आता मी विकत न्हाई, बाळंतिणीला घेऊन जा. एवढं सांगून बाई खळखळून हसल्या. त्यांना काही होतंय असं कुणाला वाटलंही नसतं.

मी त्याच दुपारी ब्लॉग उघडून दिला. वरती बाईंचा जुना फोटो लावला, पांढऱ्या साडीतला. त्याखाली ओळखीपुरता मजकूर टाकायची एक चौकट केली. आता इथं जरा सांगावं लागेल. ब्लॉगवर लेख लिहायची जागा वेगळी असते. ती आत, दप्तरखान्यात असते म्हणा. तिथं लिहिलेलं खात्यात जमा होतं. आणि पानावर इकडंतिकडं ज्या चौकटी असतात, त्या थीमच्या सजावटीचा भाग. खात्यातून आत गेलेल्या माणसाला प्रत्येक चौकटीखाली नट आवळायच्या पान्याचं बारीक चित्र दिसतं. पाना दाबला की चौकट उघडते, लिहायचं, जतन करायचं. सरांना ओळखीचा मजकूर बदलता यावा म्हणून मी तेवढं दाखवलं. लेखाचं उद्या फोनवर शिकवतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं मंगल कार्यालयवाला बसलेला होता.

जाताना सरांनी विचारलं, "वहीत पण लिहून ठेवू का रे? दोन्हीकडं राह्यलं तर बरं."

"कशाला डबल मेहनत करता सर? वहीला वाळवी लागेल. इथं लिहिलेलं कुठं जात नाही."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं, हसत हसत.

महिन्याभरानं पान उघडून बघतो तर चौकट खाली लांबच लांब गेलेली. बाई सांगायच्या आणि सर शेजारी बसून फोनवर टाइप करायचे. प्रत्येक नवं बाळंतपण जुन्याच्या डोक्यावर. लेख एकही नाही, सगळं त्या चौकटीत. मला लगेच कळलं, हे चुकीच्या जागी चाललंय. सरांना लेखाची जागा शिकवायची आणि सगळं तिकडं हलवायचं, यात अर्धा दिवस गेला असता. त्याऐवजी मी दोन मिनिटांत चौकटीची उंची बांधून टाकली आणि आतला मजकूर बोटानं सरकेल असं केलं. दिसायला एकदम छान. सर फोनवर म्हणाले, "वा रे पठ्ठ्या, आता कितीबी लिहिलं तरी मावतंय!" मला तेव्हा स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. आता आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

एकदा सरांचा फोन आला. "तुझं लिहिलं बरं का आज. तुझ्या आईचं सगळं बराबर आठवलं हिला. बघ."

"बघतो सर."

आणि मी बघितलं. पहिल्या ओळीत एक लांब शब्द फोनवर कडेला कापला जात होता. तो नीट केला, दोन ओळींतलं अंतर किंचित वाढवलं आणि सरांना कळवलं, "मस्त झालंय सर." सावकाश वाचू म्हणून ठेवून दिलं. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तरी मी वाचलं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

अशी दोन वर्षं गेली. बाईंचं जुनंही जायला लागलं. नवं सांगणं थांबलं, तेव्हा सर रोज दुपारी त्यांना त्या चौकटीतलं वाचून दाखवायला लागले. कधी त्या परक्याची गोष्ट ऐकावी तशा ऐकत राहायच्या, तर कधी मध्येच पुढचं वाक्य स्वतः म्हणायच्या. त्या एका वाक्यासाठी सर रोज वाचायचे. मग सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला वेळ होता. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं की अक्षरं जरा मोठी करून दे.

अक्षरं मोठी करायला एक आकडा बदलावा लागतो. सोळाचा बावीस केला की झालं. पण मला उगाच उमाळा आला. सरांना नवीकोरी थीम भेट देऊ म्हटलं, मोबाईलवर ऐसपैस दिसणारी. तीच थीम मी त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांना चढवली होती, हात बसलेला होता. थीम चढवताना एक सूचना येते. जुन्या थीममधल्या अमुक अमुक चौकटी नव्या थीममध्ये नाहीत, त्या ठेवायच्या की काढायच्या? खाली चौकटींची नावं, म्हणजे नुसते शब्द आणि आकडे. आम्ही धंद्यातले सगळे 'काढा' दाबतो. जुनी अडगळ ठेवली की नव्या थीमचा अवतार होतो. मी 'काढा' दाबलं. सूचना वाचली का? मी काहीच वाचत नाही, सांगितलंच आहे.

पान देखणं झालं. मी सरांना फोन केला, "झालं सर, बघा." मग चहा प्यायला खाली उतरलो. कप हातात होता तेवढ्यात सरांचा फोन.

"अरे, अक्षरं मोठी झाली. पण लिहिलेलं कुठं हाय?"

"खाली असेल सर. सरकवून बघा."

"सरकवलं. खाली काळी पट्टी हाय, अन् तिच्यावर तुझ्या ऑफिसचं नाव."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी 'काढा' दाबलं त्यात ती चौकटही होती. चहा तसाच ठेवून वर पळालो. खात्यात लेख किती, तर शून्य. थीमची जुनी प्रत शोधली, ती पहिल्या दिवसाची निघाली. तिच्यात चौकट होती आणि चौकटीत मीच टाकलेलं वाक्य होतं, 'येथे आपला मजकूर लिहा.' मदतीच्या मंचावर विचारलं, उत्तर आलं की काढलेली चौकट परत आणता येत नाही. इंटरनेटची जुनी पानं साठवणाऱ्या साइटवर गेलो. आमचं पान तिथं कुणी कधी साठवलंच नव्हतं. कोण साठवणार? वाचणारे बघितले तर रोजचा एकच होता, टेंभुर्णीतला एक फोन.

तो फोन! सरांच्या फोनवर आधीच्या एखाद्या टॅबमध्ये जुनं पान उघडं राहिलेलं असू शकतं, तसंच्या तसं. मी घाईघाईनं नंबर लावला. "सर, काल दुपारी वाचत होता ते पान उघडं असेल तर त्याला बिलकुल हात लावू नका. ताजं, म्हणजे रिफ्रेश करू नका."

"सात-आठ वेळा केलं रे," सर म्हणाले. "वाटलं, येईल."

फोन ठेवताना सरच म्हणाले, "तू बघ जल्दी. तुला जमतंय."

चार दिवस मी बघत होतो. म्हणजे काय, तीच चार दारं पुन्हा पुन्हा ढकलत होतो. या धंद्यात मी लोकांना कायम सांगत आलो, कॉम्प्युटरवर काहीतरी मार्ग निघतोच. निघत नाही. बसून राहायचं आणि रिकाम्या पानाकडे बघायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. तेव्हा माझ्याइतका निकम्मा माणूस जालन्यात दुसरा नसेल, असं मला वाटत होतं. पाचव्या दिवशी गाडी काढली आणि टेंभुर्णीला गेलो.

सर ओसरीवर बसले होते. शेजारी खाटेवर बाई. मी जे केलं ते सगळं सांगितलं. 'काढा' दाबल्याचंही सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. सरांनी शिव्या दिल्या नाहीत. आत जाऊन एक कोरी दोनशेपानी वही आणली, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण काढलं.

"हिला चार दिवस विचारून राह्यलो. आता काहीच येत न्हाई तिला," ते म्हणाले. "मी वाचायचो ते मला तुकडे तुकडे आठवतं, पण एकाचं दुसऱ्यात मिसळतं. तू जवान माणूस. दोन वर्षं तूच बसवत होता सगळं, उघडून बघत होता. तुला आठवल तेवढं सांग. मी लिहून घेतो."

मी म्हणालो, "ते कांद्याचं. बाजाराच्या दिवशीचं."

"हं, हे लिहून घेतलं. दुसरं?"

मला त्या चौकटीची रुंदी आठवत होती. तीनशे वीस. कडेची रेघ फिकट गुलाबी होती ते आठवत होतं. कुठल्या ओळीत शब्द कापला जायचा तेही आठवत होतं. शब्द कोणता, ते आठवेना.

"बरं, बाकीचं राहू दे," सर म्हणाले. "तुझं तरी सांग. तुझं तर वाचलंच असशील."

"न्हाई वाचलं, सर."

सरांनी वही मिटली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा ठेवतो म्हणून आत गेले. मी ओसरीवर मान खाली घालून बसलो. रडू येत होतं, पण बाईंसमोर रडायची लाज वाटली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कोणाचा रे तू?"

मी आईचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं.

त्या एकदम नीट बसल्या. "झाली का बाळंत ती?"

"झाली, बाई."

"काय झालं?"

"पोरगा."

"रडला का लगेच?"

मला माहीत नव्हतं. ते चौकटीत लिहिलेलं होतं.