नातेवाईक : कोणी नाही

इस्पितळात त्याला सगळे गाठीमास्तर म्हणत. कामच तसं होतं. डेटाबेसात रुग्णांचं कलेक्शन, म्हणजे नोंदींचं कपाट, वेगळं, नातेवाइकांचं वेगळं, तपासण्यांचं तिसरंच. एका नोंदीत दुसरीचा नंबर ठेवून त्यांची गाठ मारायची, म्हणजे स्क्रीनवर अख्खा माणूस दिसतो. लग्न जुळवणाऱ्याला निदान जेवायला तरी बोलावतात. मास्तरला फक्त गाठ सुटली की बोलावत.

त्यात नदीपलीकडचा छोटा दवाखाना बंद होऊन इस्पितळात मिसळला आणि मास्तरच्या जिवाला स्वस्थता उरली नाही. तिथले रुग्ण गाड्यांतून आले आणि त्यांच्या नोंदी पोतं ओतावं तशा डेटाबेसात ओतल्या गेल्या. बायको म्हणे, "जगाची नाती जुळवता, माझ्या भावाचा फोन मात्र उचलत नाही." यावर भांडण सहज झालं असतं, पण भांडायलाही अंगात त्राण लागतं.

त्या दुपारी डब्याचं झाकण उघडतोय तोच वॉर्डातली सिस्टर दारात.

"मास्तर, कोपऱ्यातल्या आजींचा कागद द्या छापून. निराधार केंद्राची गाडी आलीय."

या आजी त्या दवाखान्यातूनच आलेल्या. अर्धांगवायूने वाचा गेलेली. मास्तरने कागद छापला. नाव, वय, आजार. खाली 'नातेवाईक : कोणी नाही'.

सिस्टर कागद घेऊन वळली आणि थबकली. "खरंच कोणी नाही हो? आल्या तेव्हा नखं इतकी नीट कापलेली होती. केसांना तेल. माझी कोणी कापत नाही एवढी नीट."

"तुमची आपली तुम्ही कापा," मास्तर म्हणाला, पण घास हातातच राहिला.

कारण 'कोणी नाही' हे शब्द त्याचेच होते. डेटाबेस असं काही म्हणत नाही. तो नंबर घेऊन पलीकडच्या कलेक्शनमध्ये जातो, जोडी मिळाली नाही तर मुकाट्याने रिकामा कंस परत आणतो. रिकाम्या कंसाच्या जागी मास्तरला 'माहिती सापडली नाही' असं लिहायचं होतं. ते चौकटीत मावेना. म्हणून त्याने आखूड केलं.

डबा बाजूला सारून त्याने आजींची मूळ नोंद उघडली. नातेवाइकाच्या जागी नंबर होता. कोणीच नसतं तर ती जागा कोरी असती. मग त्याने तोच नंबर नातेवाइकांत हाताने शोधला. सापडली! भाची. फोन नंबरासकट.

"मग गाठ का नाही बसली?" सिस्टरने विचारलं.

मास्तरने स्क्रीनवर बोट ठेवलं. भाचीकडे नंबर नुसता होता. आजींच्या नोंदीत त्याच नंबराला दोन्हीकडून अवतरणचिन्हं होती. "तुम्हाला मला दोन्ही सारखेच. यंत्राला हा आकडा आणि हे अक्षर. तोंडओळखसुद्धा नाही."

"म्हणजे त्या दवाखान्यातून आलेले सगळेच..."

"सगळेच बिनानात्याचे," मास्तर म्हणाला आणि त्याला एकदम खूप दमल्यासारखं झालं.

त्याने आधी भाचीला फोन लावला. ऐकताच ती फुटली. "तुमच्या चौकशीच्या खिडकीवर रोज येते मी! नाव ऐकूनच घेत नाहीत, नुसता माझा फोन नंबर टाकतात आणि सांगतात, तुमचा पेशंट इथे नाही. दवाखान्याला कुलूप. मी शोधायचं कुठे आत्याला?"

"निघा," मास्तर म्हणाला. "मी गाडी थांबवतो."

मग इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना फोन. साहेब वैतागले. "आलेली गाडी परत पाठवायची? कारण काय लिहू?"

"अवतरणचिन्हं, साहेब."

"चेष्टा करताय?"

"नाही हो. तेवढीही शक्ती नाही."

तो जिने उतरून पोर्चमध्ये पोचला तेव्हा आजींचं स्ट्रेचर गाडीच्या दाराशी आलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "वरून फोन आल्याशिवाय मी थांबत नसतो." मास्तरने स्ट्रेचर आणि गाडीच्या मधल्या पायरीवर बसूनच घेतलं. आजी त्याच्याकडे बघत होत्या. "भाची येतेय," त्याने सांगितलं. आजींचा चांगला हात चादरीवर हलला आणि त्याच्या बाहीला धरून राहिला. साहेबांचा फोन आला, ड्रायव्हर शिव्या घालत निघून गेला, तरी बाही सुटली नाही.

भाची आली ती धावतच. आत्याच्या कपाळाला कपाळ लावून रडली, मग पायरीवर डुलक्या घेणाऱ्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं.

"तुम्ही आत्याचे कोण?"

मास्तर दचकून जागा झाला. "मी... कॉम्प्युटरवाला."

"बरं, ही पिशवी धरा जरा," ती म्हणाली, आणि स्ट्रेचर वॉर्डाकडे वळवू लागली.

मास्तर पिशवी घेऊन मागून चालू लागला. वर बाकीचे सगळे बिनानात्याचे त्याची वाट बघत होते.